गब्बू आणि मुंगी

लाँड्री खाली आणि घर वर, असा त्या कुटुंबाचा संसार होता. खाली दोन मोठी मशीनं दिवसभर घुमायची आणि इस्त्रीच्या टेबलांवरची वाफ जिन्याने थेट स्वयंपाकघरापर्यंत यायची. धंदा दोघा भावांचा. थोरल्याची बायको इस्त्रीचं टेबल सांभाळायची. धाकट्याची बायको निघालेली बटणं, उसवलेल्या शिवणी असलं शिवणाचं काम वर बसून करायची. घरात आणि गिऱ्हाइकांतही त्या थोरली आणि धाकटी म्हणूनच ओळखल्या जायच्या.

दोघींची बाळंतपणं पाठोपाठ झाली. आधी थोरलीला मुलगा झाला, मग धाकटीला मुलगी. मुलगा असा गुटगुटीत की त्याचं मनगट कुठे संपतं आणि हात कुठे सुरू होतो ते कळायचं नाही. त्याला गब्बू हे नाव पडलं. मुलगी चणीने एवढीशी, पण हातपाय सतत चालू. ती झाली मुंगी.

सासूबाई रोज एकदा तरी दोघांना शेजारी झोपवून बघायच्या. "एकाच घरचं अन्न, आणि हा भोपळा नि ही शेंग!" असं म्हणून हसायच्या. त्यांच्या मनात काही नसायचं, पण धाकटीला ते लागायचं.

कारण तिच्या मनात रात्रंदिवस एकच घोर होता. गरोदरपणात रक्त तपासलं तेव्हा तिला एचआयव्ही असल्याचं निघालं. मग नवऱ्याचंही रक्त तपासलं, त्यालाही निघाला. कोणाकडून कोणाला आला, हे दोघांनी एकमेकांना एकदाच विचारलं. उत्तर कोणाकडेच नव्हतं, म्हणून विषय तिथेच मिटवला. जेवण झालं की दोघं गोळी घ्यायची आणि कोणी विचारलं तर ताकदीची आहे म्हणायची. घरात सांगायचं नाही, हे नवऱ्याने ठरवलं होतं आणि तिने मान हलवली होती.

दवाखान्यातल्या सिस्टरनी तिला नीट समजावलं होतं. दुधातूनही विषाणू बाळाला जाऊ शकतो, म्हणून रोजची गोळी चुकवायची नाही. बाळाला औषधाचे थेंब द्यायचे. पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, पाण्याचा थेंबही नाही. वरचं काही मिसळलं तर धोका वाढतो. "अशा आयांची बाळं कधी कधी थोडी बारीक असतात," सिस्टर म्हणाल्या होत्या. "शेजारच्या बाळाशी तुलना करायची नाही. आपलं बाळ मागच्या महिन्यापेक्षा वाढलं ना, एवढं बघायचं." शेजारचं बाळ त्याच पाळण्यात झोपतं, हे सिस्टरना कुठे माहीत होतं! मुंगीची पहिली तपासणी चांगली आली होती, पण दूध तुटेपर्यंत तपासण्या चालूच राहणार होत्या.

थोरली मनाने मोकळी होती. एकदा मुंगी रडत होती म्हणून तिने सहज हात पुढे केले. "दे इकडे, मीच पाजते. माझ्याकडे एवढं येतं की गब्बूला पुरून उरतं."

"नको ताई," धाकटीने मुलीला घट्ट धरलं. "तिला माझीच सवय आहे."

थोरलीने हात मागे घेतले.

मुलं चार महिन्यांची असताना एका सकाळी थोरल्याला ताप आला, धाकटा मशीनांपाशी अडकला आणि हॉटेलच्या चादरी पोचवायला गाडीबरोबर थोरलीला जावं लागलं. "तासाभरात येते," म्हणून ती गेली. वाटेत गाडी बंद पडली. दुपार झाली तरी तिचा पत्ता नव्हता.

गब्बूला भूक लागली की तो सगळ्या गल्लीला कळवायचा. सासूबाईंनी दूध उकळून, निववून चमच्याने भरवून पाहिलं. त्याने ते फुर्र करून त्यांच्याच तोंडावर उडवलं.

"अगं, बघतेस काय?" सासूबाई धाकटीला म्हणाल्या. "घे त्याला अंगावर."

"नाही आई."

"नाही म्हणजे? तुझ्या अंगावर दूध नाही का?"

दूध होतं. गब्बूच्या रडण्याने तिलाही पान्हा फुटला होता आणि ब्लाउज भिजला होता. सासूबाईंना तो डाग दिसत होता. धाकटीने गब्बूला उचललं, त्याचं तोंड बाहेरच्या बाजूला वळवून त्याला खांद्यावर टाकलं आणि या खिडकीपासून त्या दारापर्यंत येरझारा घालत राहिली. तो पुन्हा तोंड वळवून तिच्या मानेला लावून शोधायचा, ती मान बाजूला करायची. रडून रडून त्याचा आवाज बसला.

थोरली आली ती जिना चढतानाच रडणं ऐकत आली. तिने मुलाला हिसकावून घेतलं आणि तिथेच जमिनीवर बसून पाजलं. सासूबाईंनी सगळं सांगितलं. थोरलीने धाकटीच्या ब्लाउजकडे पाहिलं.

"वाहून गेलं तरी चालेल," ती हळू आवाजात म्हणाली, "पण माझ्या लेकराच्या तोंडात नको. बरं आहे."

धाकटीने पदर ओढून ब्लाउज झाकला.

दुसऱ्या दिवसापासून थोरली गब्बूला खाली न्यायला लागली. इस्त्रीच्या टेबलाखाली टोपलीत त्याला झोपवायची. वाफेने त्याच्या मानेवर, पाठीवर पुरळ उठलं. दोघींचं बोलणं मीठ दे, बादली सरकव, एवढ्यावर आलं. धाकटीला वर बसवेना. आपण कामचोर नाही हे दाखवायला ती खाली जाऊन चादरींच्या घड्या घालू लागली. मुंगी वर सासूबाईंपाशी राहायची. कोणी हाक मारली की धाकटी पाजायला जायची, पण घाईत. आणि हातातली चादर अर्धी ठेवून वारंवार जायचं तिच्या जिवावर यायचं. स्वतःही उभ्या उभ्या चार घास खायची.

पुढच्या वजनाच्या वेळी काटा होता तिथेच थांबला. सिस्टरनी मुंगीला उतरवून पुन्हा ठेवलं. तोच आकडा.

"दिवसातून किती वेळा पाजतेस?"

धाकटीने सांगितलं. सिस्टरनी खुर्ची ओढून घेतली. "एवढ्याने कसं भागेल? घरात कोणाला माहीत आहे? तुला हातभार लावणारं कोणी हवं."

मग धाकटीने गब्बूची हकीकत सांगितली. शेवटी विचारलं, "मी पाजलं असतं तर?"

"नाही पाजलंस तेच बरोबर केलंस," सिस्टर म्हणाल्या. "तुझी मुलगी आमच्या नजरेखाली आहे, तिला औषध मिळालंय, तिच्या तपासण्या होतात. दुसऱ्याच्या बाळाचं तसं नाही. तू त्याला जपलंस."

त्या रात्री तिने नवऱ्याला सांगितलं, "मी ताईंना सांगणार आहे."

"डोकं फिरलंय का? घर फुटेल."

"फुटायचं ते फुटलंच आहे. आणि मुंगीचं वजन थांबलंय."

तो भिंतीकडे वळला. मग म्हणाला, "माझंही सांग. सगळं तुझ्या एकटीच्या माथी नको."

दुसऱ्या दिवशी दुपारी लाँड्रीत दोघीच होत्या. मोठ्या चादरीची घडी एकटीने होत नाही, म्हणून थोरलीने नाइलाजाने दुसरं टोक धरलं होतं. मशीनचा आवाज चालू होता, वर काही ऐकू जाणार नव्हतं. धाकटीने सांगून टाकलं. रोग, गोळ्या, नवरा, मुंगीच्या तपासण्या, त्या दिवशीची दुपार, सगळं.

थोरलीच्या हातात टोक तसंच राहिलं.

"म्हणजे त्या दिवशी तू..." ती अडखळली. "तो तुझ्या मानेला झोंबत होता, आणि तू..."

"माझाही जीव तुटत होता, ताई."

थोरलीने चादर टेबलावर ठेवली, टोपलीतून गब्बूला उचललं आणि वर निघून गेली.

ती त्या दिवशी बोलली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. धाकटीने पाहिलं की थोरलीने स्वतःचा पेला वेगळा ठेवलाय. तिला रडू आलं, पण राग नाही आला. रोग कळला त्या दिवशी आपणच आपल्या हातांना घाबरलो होतो, हे तिला आठवलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी थोरली काही न सांगता बाहेर गेली. परत आली ती सरळ धाकटीच्या खोलीत.

"तुझ्या त्या सिस्टरकडे गेले होते," ती म्हणाली. "तुझं नाव घेतलं नाही हं. म्हटलं, ओळखीतल्या एका बाईचं आहे. पेला, टॉवेल, पापे, सगळं विचारलं. त्या म्हणाल्या, याने काही होत नाही. मला म्हणाल्या, ओळखीतल्या बाईला सांगा, दमून जाऊ नकोस." एवढं म्हणून ती धाकटीपाशी बसली. "मी तुला काय काय बोलले गं!"

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"माहीत नव्हतं म्हणून तोंडाला येईल ते बोलायचं असतं का?"

थोरली डोळे पुसून उठली आणि गब्बूला घेऊन आली. त्याला धाकटीच्या मांडीवर ठेवलं. शेजारी झाकलेली वाटी ठेवली. "हे माझं दूध काढून ठेवलंय. रडला तर वाटी-चमच्याने पाज. थुंकला तर एक धपाटा घाल. आणि घड्या बिड्या मी बघते. तू वर बस, पोरीला मनसोक्त पाज, आणि आधी स्वतः जेव."

सासूबाईंना सांगायचं नाही, असं दोघींनी ठरवलं. त्यांनी विचारलंच, तेव्हा थोरलीने ठोकून दिलं, "तिच्या अंगावरचं एकालाच पुरतं हो आई. तिने लाजून सांगितलं नाही एवढंच." सासूबाईंना वाईट वाटलं. त्या दिवसापासून त्या धाकटीच्या ताटात न विचारता जास्तीचं वाढू लागल्या. हे खोटं धाकटीला पुढेही खुपत राहिलं, पण खरं सांगायचं धाडस तिला झालं नाही.

महिनाभरात मुंगीचा काटा हलला. फार नाही, पण हलला. सहा महिने झाल्यावर सिस्टरनी सांगितलं, आता अंगावरच्या दुधाबरोबर घट्ट, कुस्करलेलं अन्न द्या. चमच्यातून ओघळणारं पाणचट नको. गब्बूने पहिल्याच दिवशी वाटी चाटून पुसून संपवली आणि चमचाही चावून पाहिला. मुंगीने मात्र ओठ मिटून घेतले. चार दिवस धाकटी रडकुंडीला आली. मग थोरलीने दोघांना समोरासमोर बसवलं. गब्बू खाताना असा मचमच करायचा की मुंगी बघत राहायची, आणि बघता बघता तिचं तोंड उघडायचं. तेवढ्यात धाकटी चमचा आत घालायची.

"माझा पोरगा निदान एका कामाचा निघाला," थोरली म्हणाली.

मुंगी गब्बूएवढी काही झाली नाही. पण तिची अंगडी आखूड होत गेली, ती भिंत धरून उभी राहिली, आणि चालायला गब्बूच्या आधी लागली. तो बसून बघायचा आणि ती त्याच्या हातातलं पळवायची.

दूध तुटल्यावर काही आठवड्यांनी शेवटची तपासणी झाली. निकालाला थोरली बरोबर गेली. सिस्टरनी आत बोलावलं, दार लावलं आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "काही नाही निघालं. मुलगी ठणठणीत आहे."

धाकटीने ते त्यांना पुन्हा एकदा म्हणायला लावलं. मग थोरलीने तिच्यापुढे खुर्ची सरकवली.

"आणि या कोण?" सिस्टरनी थोरलीकडे बघून विचारलं. चेहरा त्यांना ओळखीचा वाटत होता.

"मी तिची जाऊ," थोरली म्हणाली. "मागे एका ओळखीतल्या बाईचं विचारायला आले होते ना, ती मी."

सिस्टर हसल्या. मुंगी तोवर टेबलाखाली शिरून त्यांच्या चपलेचा पट्टा सोडवत होती.