कटिंगच्या टेबलाची उंची

मिलिमीटररावांनी टेबल करायला घेतलं, म्हणजे टेबलाचं ड्रॉइंग करायला घेतलं. हा फरक त्यांच्या बायकोला इतक्या वर्षांच्या संसारानंतर तरी कळायला हवा होता. पण तिला वाटलं, टेबल म्हणजे टेबल. प्लायवूड येईल, करवत चालेल, घरभर भुसा उडेल आणि आपण उभ्याने कापड कापायला लागू. प्लायवूड आलंही. ते भिंतीला टेकून उभं राहिलं आणि तसंच उभं राहिलं.

मिलिमीटरराव हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. पाण्याच्या टाक्यांची ड्रॉइंगं काढणाऱ्या ऑफिसात त्यांनी उभी हयात घालवली होती. तिथे कुणी नुसतं "साधारण एवढं" म्हटलं तरी त्यांच्या कपाळाला आठ्या पडायच्या, म्हणून सहकाऱ्यांनी हे नाव पाडलं. निवृत्तीनंतर टाक्या सुटल्या, नाव काही सुटलं नाही. बायको तर ते अगदी प्रेमाने वापरायची, विशेषतः भाजीत मीठ कमी आहे असं त्यांनी म्हटलं की.

बायकोला सगळी गल्ली टेलरकाकू म्हणायची. शाळेचे गणवेश, पडदे, विटक्या कॉलरी उलटवून देणं, सगळं काकूंकडे. कटिंग मात्र त्या आयुष्यभर जमिनीवर चटई टाकून, गुडघ्यांवर बसून करत आल्या होत्या. शेवटी पाठीने संप पुकारला. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं, जमिनीवर वाकणं बंद. उभ्याने कापा, नाहीतर शिवण सोडा. त्यातलं दुसरं काकूंनी या कानाने ऐकलं आणि त्या कानाने सोडून दिलं. मशीनवर कव्हर घातलं, आणि येईल त्याला सांगितलं, "टेबल होऊ दे, मग आणा." आता काकूंचं शिवण टेबलावर अडलं होतं आणि टेबल मिलिमीटररावांच्या पेन्सिलीवर.

पेन्सिल तर अखंड चालू होती. टेबल समोरून कसं दिसेल, बाजूने कसं दिसेल, वरून कसं दिसेल, हे झालं. मग खालून कसं दिसेल, तेही झालं. एका स्क्रूचं एवढं मोठं चित्र निघालं की काकूंना आधी तो खांबच वाटला. जेवणाचं टेबल कागदांनी भरून गेलं आणि नवराबायको ताटं मांडीवर घेऊन जेवू लागले.

"एका टेबलापायी दुसरंही गेलं," काकू म्हणाल्या. "आता तिसऱ्याचं मनात आणू नका म्हणजे मिळवली."

प्लायवूड ज्याच्याकडून आणलं होतं तो वखारवाला जाता येता डोकवायचा. "काका, चार पाय आणि एक फळी. मी मनातल्या मनात कधीच काढून ठेवलंय."

"मनात काढलेलं टेबल डुगडुगतं," मिलिमीटरराव मान वर न करता म्हणायचे. वखारवाला काकूंकडे बघून हसायचा, काकू आढ्याकडे बघायच्या.

पण खरी गोष्ट वेगळीच होती, आणि ती मिलिमीटररावांनी कुणालाच सांगितली नव्हती. ड्रॉइंग केव्हाच पुरं झालं होतं. फक्त एक आकडा भरायचा राहिला होता, तो म्हणजे उंचीचा.

उभ्याने कटिंग करायचं तर टेबल कोपराच्या जरासं खाली हवं. काकूंच्या कोपराची उंची त्यांना तोंडपाठ होती. स्वयंपाकघरातला ओटा बांधताना त्यांनी स्वतःच ती मोजली होती. तरी कामाला चोख माणूस, म्हणून पुन्हा एकदा टेप लावला, तर माप कमी भरलं. त्यांनी टेपला दोष दिला. दुसरा टेप आणला, त्यानेही तेच सांगितलं. मग काकूंना चपला घालायला लावल्या, मग काढायला लावल्या, मग फरशीच बसकी आहे म्हणून शेजारच्या खोलीत नेऊन उभं केलं. माप काही वाढेना. मग एकदा काकू पाठमोऱ्या उभ्या असताना त्यांनी नुसतं बघितलं, टेप न लावता. पाठ खांद्यांपाशी वाकली होती. रोज समोर असणारं माणूस असं थोडं थोडं खाली येत गेलं, आणि मिलिमीटर मोजणाऱ्याला त्याचा पत्ता लागला नाही. मिलिमीटररावांना फार वाईट वाटलं. नवा आकडा कागदावर लिहिला की तो कायमचा खरा होणार, असं काहीतरी त्यांच्या मनाने घेतलं.

ड्रॉइंगवाल्यांकडे अशा वेळी एक सोय असते. लांब वस्तू कागदावर मावत नसली की ती मधेच तोडून दाखवतात, तिथे एक नागमोडी रेघ ओढतात आणि खरी लांबी शेजारी आकड्यात लिहितात. मिलिमीटररावांनी खाकी कागद चिकटवून टेबलाचं पूर्ण मापाचं ड्रॉइंग केलं, अगदी वरची फळीसुद्धा आहे तेवढी. पण पाय मधेच तोडून नागमोडी रेघ ओढली, आणि आकड्याची जागा कोरी ठेवली.

"झालं का?" काकू विचारायच्या.

"होत आलंय," ते म्हणायचे.

एका दुपारी वरच्या मजल्यावरची बाई मुलीच्या गणवेशाचं कापड घेऊन आली. शाळा तोंडावर आली होती. काकूंनी कापड हातात घेतलं, त्याची कड उगाचच बोटांनी सारखी केली आणि परत दिलं. "दुसरीकडे टाक गं. माझं काही खरं नाही आता." बाई गेल्यावर त्या मशीनजवळ आल्या, कव्हरवरची धूळ झटकली आणि म्हणाल्या, "शाळा सुरू होईपर्यंत टेबल नाही झालं, तर हे मशीन कुणाला तरी देऊन टाका. बघवत नाही मला." या वेळी त्या थट्टा करत नव्हत्या. मिलिमीटरराव पेन्सिलीला टोक करत बसले. टोक आधीच झालेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते फिरायला गेले आणि काकूंनी पदर खोचला. कागदावरून कापणं त्यांना काय नवीन? त्यांनी प्लायवूड पलंगावर आडवं टाकलं, म्हणजे वखारवाल्याकडून टाकून घेतलं. त्यावर खाकी कागद टाचण्यांनी बसवला, कडेकडेने खडू फिरवला आणि उरलेल्या प्लायवूडवर पायांसाठीही आपल्या मनाने खुणा केल्या. वखारवाला हातगाडीवरून सगळं घेऊन गेला आणि तासाभरात वखारीतल्या मशीनवर कापून घेऊन आला. मिलिमीटरराव फिरून आले तेव्हा त्यांचं ड्रॉइंग जमिनीवर पडलं होतं, आणि त्यावरचं टेबल सुटं होऊन भिंतीशी उभं होतं.

त्यांनी आधी फळी उचलली आणि टेबल जिथे बसायचं होतं त्या, कपाट व भिंत यांच्यामधल्या जागेत धरून बघितली. फळी आत जाईना. टेप लावला. चारही बाजूंनी जास्त.

"अगं, हे काय केलंस?"

"मार्जिन सोडलंय."

"कसलं मार्जिन?"

"शिलाईचं," काकू म्हणाल्या, आणि म्हणता म्हणताच त्यांच्या लक्षात आलं.

"लाकडाला शिलाई?" मिलिमीटररावांचा चेहरा उजळला. कित्येक दिवसांत ते इतके खूश झाले नव्हते. "आता काठाला लेस लावणार की नुसतीच बीडिंग?"

"मी विचारलं होतं काकूंना," वखारवाला दारातून म्हणाला. "त्या म्हणाल्या, तुला शिवणातलं काय कळतं?"

काकूंनी दोघांना हसू दिलं. फळी रंधून आणायला वखारवाल्याबरोबर परत पाठवली. मग मिलिमीटररावांनी टेबलाचा एक पाय उचलून काकूंच्या शेजारी उभा धरला. तो त्यांच्या छातीपर्यंत आला.

"आणि यालाही शिलाई का?"

"नाही. याला दुमड. आकडा तुम्ही कोराच ठेवलात ना." काकू खुर्चीवर बसल्या. "पोरीचा फ्रॉक शिवताना खाली दुमड ठेवतात, ठाऊक आहे ना? पोर वाढते, मग उसवून सोडायची."

"अगं, पण तू काय आता..." ते बोलायचे थांबले.

"मी काय आता वाढणार आहे का, हेच ना?" काकूंनी त्यांच्याकडे सरळ बघितलं. "टेप घेऊन माझ्या मागे मागे फिरत होतात. चपला घाला, चपला काढा, या खोलीत चला. जन्मभर माणसांची मापं घेतली मी. माझं माप कमी झालं, हे काय तुम्हाला एकट्यालाच कळलं?"

टेबलाचा पाय मिलिमीटररावांच्या हातात तसाच होता. तो खाली ठेवायचं त्यांना सुचेना.

"एका आकड्यापायी माझं शिवण बंद पडत होतं," काकू म्हणाल्या. "वाकलेली म्हातारी चालेल हो मला. रिकामी बसलेली नाही चालणार."

त्या उठल्या, भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या आणि कोपर दुमडलं. चपला घातल्या नाहीत, अंग ताणून उंच व्हायचाही प्रयत्न केला नाही. "धरा टेप. आणि मोठ्याने वाचा."

मिलिमीटररावांनी टेप धरला. आकडा मोठ्याने वाचला आणि टेबलाच्या पायावर पेन्सिलीने रेघ मारली. मग त्याच रेघेवर आणखी दोनदा पेन्सिल फिरवली.

"बास. आज लागतं तेवढंच कापा," काकू म्हणाल्या. "पुढल्या वर्षी परत मोजू. लागलं तर परत कापू. पाय भरपूर लांब आहेत हो, पुरतील आपल्याला."