लाल शाईतलं शून्य

सिस्टरने नोकरीत एकदाच खोटं लिहिलं, तेही सख्ख्या भावासाठी. एक शून्य. लाल शाईने, कागदाच्या उजव्या कोपऱ्यात, चांगलं ठसठशीत.

त्या दवाखान्याची पद्धतच तशी होती. मोठं माणूस कुणीही येवो, सर्दीसाठी येवो की गुडघ्यासाठी, आधी सिस्टरच्या खोलीत बसायचं. ती दारूबद्दलचे दहा प्रश्न विचारणार, उत्तरांचे गुण मांडणार आणि बेरीज कोपऱ्यात लिहिणार. डॉक्टरबाई औषध लिहिण्याआधी तो कोपरा बघायच्या. आकडा मोठा दिसला की पेन खाली ठेवून त्या माणसाशी निवांत बोलायच्या, शून्य दिसलं की पुढे. "सिस्टरने विचारलंय ना, मग झालं," म्हणायच्या. एवढा विश्वास.

आणि सिस्टर काही कच्ची नव्हती. भल्याभल्या मिशीवाल्यांना तिने बोलतं केलं होतं. पण मागच्या महिन्यात खोकला घेऊन दादा आला, समोरच्या स्टुलावर बसला, आणि सिस्टरची एका क्षणात बारकी झाली. वडील गेले तेव्हा ती सहावीत होती. तिच्या वेण्या घालण्यापासून नर्सिंगच्या फॉर्मवर पालक म्हणून सही करण्यापर्यंत सगळं दादाने केलं. त्याला कुठल्या तोंडाने विचारायचं, किती पितोस म्हणून? जीभच रेटेना. "तुझा कागद मी भरते," ती म्हणाली, आणि भरला.

तो पितो हे तिला ठाऊक होतं. वहिनीलाही ठाऊक होतं. लिफ्ट दुरुस्तीच्या कामावरून आला की दादा आधी गच्चीवर जातो, पाण्याच्या टाकीमागे खुडबुड करतो आणि मग जेवायला बसतो, हे सगळ्या घराला ठाऊक होतं. पण घरच्या कर्त्या माणसाला बोलायचं कुणी? सगळे तोंडात मिठाची गुळणी धरून बसले होते. तीही.

आज दुपारी दवाखान्यात मरणाची गर्दी. सिस्टर आत एका बाईच्या पायाला बँडेज करत होती. बाहेर आली तर औषधांच्या खिडकीतला कंपाउंडर म्हणाला, "तुमचे दादा येऊन गेले की. झोप लागत नाही म्हणत होते. कागद मागच्या महिन्यातलाच होता, तो बघून बाईंनी झोपेच्या गोळ्या दिल्यात. दुसऱ्यांच्या लिफ्ट चालू करणारा माणूस, आता स्वतःच बंद पडणार बघा."

तो हसला.

दारूवर झोपेची गोळी म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवायला नको होतं. श्वास मंद होत जातो, आणि सकाळी घरचे हाका मारत बसतात. डॉक्टरबाईंचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी शून्य बघितलं होतं.

ती तशीच धावली. फाटकापाशी दादा स्कूटरवर बसून हेल्मेटचा पट्टा लावत होता.

"दादा, थांब. तुझा कागद चुकलाय."

"पुढच्या वेळी बघू. पाचव्या मजल्यावर लिफ्ट अडकलीय, लोक बोंबलतायत."

"आत कुणी अडकलंय?"

"नाही."

"मग थांबेल लिफ्ट. उतर."

असं ती त्याच्याशी जन्मात बोलली नव्हती. दादाने तिच्याकडे नीट बघितलं, पट्टा सोडला आणि तिच्या मागून आत आला. सिस्टरने खोलीचं दार लावून घेतलं आणि कोरा कागद पुढे ओढला.

"गेल्या वर्षभरात तुम्ही किती वेळा दारू घेतलीत?"

"मला कधीपासून तुम्ही म्हणायला लागलीस?"

"कागदावर तसं आहे."

दादाची मान ताठ झाली. "तुझ्या वहिनीने कान भरले वाटतं."

"वहिनी एक शब्द बोललेली नाही. मी विचारतेय."

"घेतो कधीतरी. दिवसभर लोंबकळून अंग दुखतं."

"कधीतरी म्हणजे?"

तो खिडकीबाहेर बघत राहिला. "रोज," म्हणाला. "पण एक-दोन ग्लास. जास्त नाही."

तिने पाण्याच्या जगावर पालथा घातलेला स्टीलचा ग्लास त्याच्यापुढे ठेवला. "घरी जेवढी ओततोस तेवढं पाणी ओत."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"ओत दादा."

त्याने जग उचलला. जगाचं तोंड ग्लासच्या कडेवर किणकिणलं, पुन्हा किणकिणलं. केसाएवढ्या तारा जोडणारा हा हात. दोघांनीही तो आवाज ऐकला आणि दोघांनीही ऐकला नाही असं दाखवलं. अर्धा ग्लास भरल्यावर तो थांबला. "वर पाणी घालतो मी," त्याने सांगून टाकलं.

सिस्टरने औषध मोजायचा छोटा कप घेतला आणि ते पाणी मोजून मोजून बेसिनमध्ये ओतलं. एक. दोन. तीन. चार.

"हा एक ग्लास नाही. कागदाच्या मापाने हे चार झाले. तू दोन घेतोस, म्हणजे आठ."

"हे मोजायला शिकवलं का मी तुला?" आवाज चढला नव्हता, पण सिस्टरला तो चांगलाच लागला. तरी तिने बाकीचे प्रश्न एकेक करून विचारले, गुण मांडले आणि सकाळच्या प्रश्नाशी आली.

"सकाळी उठल्यावर लागते?"

दादाने दोन्ही हात मांड्यांखाली सारले. मग हळूच, "हात थरथरतात. तारा धरता येत नाहीत. थोडी घेतली की थांबतात."

"आज घेतलीस?"

त्याने होकारार्थी मान हलवली. आणि हा माणूस आता पाचव्या मजल्यावरून खाली वाकणार होता.

सिस्टरने पेन ठेवलं. "मागच्या महिन्यात मी तुला न विचारता शून्य लिहिलं. लाज वाटली मला. त्या शून्यावर विसंबून बाईंनी तुला गोळ्या दिल्या. आज रात्री दोन ग्लासांवर त्यातली एक घेतली असतीस, तर उद्या कदाचित उठलाच नसतास. आणि ते माझ्या हातून झालं असतं, दादा."

दादाने शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि बोटाने तिच्याकडे सरकवली.

"झाले प्रश्न?"

"एक राहिलाय." हा तिने कागदात न बघता विचारला. "तुझ्या पिण्याची कुणाला काळजी वाटली का? घरच्यांपैकी, मित्रांपैकी? कमी कर म्हणून कुणी कधी सांगितलं?"

या वेळी तो टाळत नव्हता, खरोखर आठवत होता.

"नाही," तो म्हणाला. "सहा वर्षं झाली. सुरुवातीला लपवायचो. मग कधीकधी मुद्दाम बाटली टाकीच्या पुढेच ठेवायचो. म्हटलं, कपडे वाळत घालायला कुणी येईल, बघेल, भांडेल माझ्याशी. कुणी बोललं नाही. बाटली उचलून परत मागे ठेवायचे. एकदा तू पण ठेवलीस, बारके. मी जिन्यात होतो."

सिस्टरला तो दिवस आठवत होता. बाटली आवाज न होऊ देता ठेवली होती, तेही आठवत होतं.

शेवटच्या प्रश्नाखाली तीन चौकोन होते. नाही. हो, पण वर्षापूर्वी. हो, या वर्षात. तिने तिसऱ्यात खूण केली.

"अगं, नाही म्हणालो ना मी. कुणी सांगितलंय?"

"मी सांगतेय. आत्ता. मला तुझी काळजी वाटते, दादा. ही कमी कर. एकदम तोडायची नाही, त्यानेही जिवाला धोका असतो. बाई सांगतील तशी, बाईंच्या औषधावर. रोज इथे येऊन माझ्यासमोर बसायचं."

तिने बेरीज केली. सव्वीस. जुना कागद काढून त्यावरचं शून्य खोडलं, शेजारी आकडा लिहिला आणि खाली स्वतःची सही केली. आता हा कागद घेऊन डॉक्टरबाईंपुढे उभं राहायचं होतं, खोटं कुणी लिहिलं ते सांगायचं होतं.

ती दाराशी गेली. मागून दादाने हाक मारली. त्याच्या पुढे केलेल्या तळहातावर स्कूटरची चावी होती, आणि हात थरथरत होता. या वेळी त्याने तो लपवला नाही.