मागच्या खिशाची खूण

लोर्ना हॅवरकॅम्पचा जीव सकाळपासून थाऱ्यावर नव्हता. एरवी ही बाई मॅच सुरू झाली की तिसऱ्या बेसशेजारी अशी पाय रोवून उभी राहायची, की नेब्रास्काचा वारासुद्धा तिला वळसा घालून जायचा. आज मात्र एक पाय इकडे, एक पाय तिकडे. सूर्यफुलाच्या खारट बिया चावून जीभ सोलवटली होती, तरी हात पुन्हा पुडीत.

कारण तिच्या मागच्या खिशात फोन होता.

आता यात काय एवढं, असं कुणी म्हणेल. पण मॅचआधी सगळ्यांचे फोन डगआउटमधल्या बादलीत टाकायचे, हा या कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघाचा नियम कोच म्हणून लोर्नानंच केलेला. जिच्याकडे फोन सापडेल तिनं मैदानाच्या एका कडेच्या पिवळ्या खांबापासून दुसऱ्या कडेच्या खांबापर्यंत पाच फेऱ्या मारायच्या. खांबाला हात लागला नाही तर ती फेरी धरायची नाही. गेल्या वर्षी बहिणीचं बाळंतपण म्हणून संघातल्या इट्झेलनं मोज्यात फोन लपवला, तर तिलाही बाईनं सोडलं नव्हतं.

पण आज दक्षिणेतलं एक मोठं विद्यापीठ मुख्य कोच ठरवत होतं. तिथल्या मॅचेस टीव्हीवर दिसतात, पावसाळी दिवसात सरावाला छपराखालचं मैदान असतं. इथं लोर्ना स्वतःच चुन्याच्या रेघा आखायची आणि स्वतःच बस हाकायची. केस पिकले तरी असं बोलावणं कधी आलं नव्हतं. तिथल्या प्रुइटसाहेबांनी सकाळी बजावलं होतं, "दुपारनंतर फोन करतो. उचला आणि हो म्हणा. नाहीतर दुसऱ्या बाई तयारच आहेत."

आज लागोपाठ दोन मॅचेस होत्या; पहिली लांबली आणि सगळं गणित कोलमडलं. दुसरी मॅच शेवटच्या डावात आली तेव्हा दुपार कलली होती. आपल्या पोरी एका धावेनं मागे. जिंकल्या तर स्पर्धेत, हरल्या तर हंगाम संपला. एक बाद, तिसऱ्या बेसवर ब्रिन, आणि बॅट हातात इट्झेलच्या. संघातली सगळ्यात दणकट पोरगी, कॉलेजचं शेवटचं वर्ष. दोन स्ट्राइक झाले होते, तिसरा झाला की ती बाद. डगआउटमध्ये बाकीच्या पोरी बादल्या बडवत गाणी म्हणत होत्या.

लोर्ना खुणा करू लागली. टोपी, कान, नाक, हे सगळं समोरच्यांना चकवायला. कमरेच्या पट्ट्याला हात लावला की त्यानंतरची खूण खरी. तिनं पट्ट्याला हात लावला. पुढं कोपराला लावायचा होता, म्हणजे मोकळेपणानं फटका मार. तेवढ्यात फोन थरथरला आणि हात आपोआप मागच्या खिशावर गेला.

इट्झेलच्या भुवया वर गेल्या. तिनं पुन्हा कोचकडं पाहिलं. कोचची मान खिशाकडं वळलेली होती. इट्झेलनं ओठ मिटले.

चेंडू सुटला तशी ब्रिन धावली. इट्झेलनं बॅट आडवी धरून चेंडू नुसता टेकवला. तो उडाला. पिचरनं अलगद झेलला, तिसऱ्या बेसकडं फेकला, झेल गेला की धावणारीनं बेसवर परतायचं असतं; ब्रिन परतायच्या आत तीही बाद. तीन बाद, डाव आटोपला. संपलं.

लोर्नाचं डोकंच फिरलं. मैदानाच्या कडेला पोरी गोल करून उभ्या राहिल्या, तशी ती कडाडली, "बंट? दोन स्ट्राइक असताना बंट? रेघेबाहेर गेला तरी बाद! अक्कल गहाण टाकलीस काय गं?"

"मागचा खिसा, कोच," इट्झेल हळूच म्हणाली.

"काय?"

"पट्टा, मग मागचा खिसा. म्हणजे बंट. मलाही वेडेपणा वाटला. पण म्हटलं, तुम्हाला काहीतरी दिसलं असेल. सॉरी, कोच. तुमची खूण बरोबर होती, मलाच चेंडू दाबता आला नाही."

लोर्नाचा हात खिशावर गेला. गप्प बसली असती तर कुणाला कळणारही नव्हतं. पोरगी आपणहून दोष घ्यायला तयार होती. एक क्षण, खरं सांगायचं तर, तिला तो मोह झाला.

मग तिनं फोन बाहेर काढला आणि सगळं सांगून टाकलं. विद्यापीठ, प्रुइट, थरथर, सगळं.

"म्हणजे माझी शेवटची मॅच तुमच्या नोकरीपायी गेली," इट्झेल म्हणाली.

"हो."

ब्रिन रडायला लागली. इट्झेल तरातरा डगआउटमध्ये गेली, बादली घेऊन आली आणि कोचसमोर धरली. "टाका."

लोर्नानं फोन टाकला आणि पळायला सुरुवात केली. एकीनंही सोबत केली नाही. गुडघे कुरकुरत होते, छाती भात्यासारखी चालली होती. तिसऱ्या फेरीला मागून बादलीत फोन थरथरल्याचा खडखडाट ऐकू आला. तिनं पाय थांबू दिले नाहीत. खांबाला हात लावून वळली, तर इट्झेलच्या कानाला फोन.

धापा टाकत ती पोरींजवळ आली. "कोण होतं?"

"कुणी प्रुइट. म्हणाले, कोचना द्या. मी म्हटलं, देता येणार नाही, शिक्षा भोगतायत."

एकदोघींना हसू फुटलं.

"ते हसले. म्हणाले, कशी आहे गं तुमची कोच?" इट्झेलनं खांबाकडं बोट दाखवलं. "मी म्हटलं, खांबाला हात लागल्याशिवाय फेरी धरत नाहीत. स्वतःचीसुद्धा. न्या त्यांना. फक्त खिशात फोन ठेवू देऊ नका."

"मग?" लोर्नानं विचारलं.

"उद्याच या म्हणाले." इट्झेलनं बाहीनं नाक पुसलं. "अजून दोन राहिल्यात, कोच."

लोर्ना वळली आणि पुन्हा पळू लागली. पलीकडचा खांब तिला नीट दिसत नव्हता.