काचेवरचं नाव

सोमवारी मालिनीबाईंचा दिवसभराचा उपवास असे, म्हणून अंगमेहनतीची कामं त्या सकाळीच, अंगात बळ असताना उरकून घेत. पोथीचा अध्याय झाला, पिंपळाला अकरा प्रदक्षिणा झाल्या, दिवाकररावांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घालून झाले. मग गरम पाण्याचा तांब्या, खोबरेल तेलाची वाटी आणि दाढीचं एक जुनं पातं घेऊन त्या जिना उतरून खाली गाडीपाशी आल्या.

गाडी आज दुपारी जायची होती. विंचूरचं एक जोडपं, सार्थक आणि योगिनी, मागच्या आठवड्यात येऊन पाहून गेलं होतं आणि मालिनीबाईंनी देवापुढे नारळ ठेवून त्यांना शब्द दिला होता. काचबिंदूने दिवाकररावांची नजर गेली त्याला दीड वर्ष होत आलं. गाडी नुसती उभी होती, टायर बसत चालले होते. "देऊन टाकू या का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा दिवाकरराव म्हणाले, "तू म्हणशील तसं."

गाडीच्या मागच्या काचेवर लाल रेडियमच्या अक्षरांत नाव होतं. मृण्मयी. परक्या दारी जाणाऱ्या वस्तूवर आपल्या घराची खूण राहू देऊ नये, भांडं दिलं तरी त्यावरचं नाव घासून द्यावं, असं मालिनीबाईंना आईने शिकवलेलं. त्यांनी काचेवर पाणी सोडलं, तेल चोळलं आणि पात्याच्या कडेने पहिलं अक्षर उचलायला सुरुवात केली.

नाशिक रोडच्या त्या सोसायटीत गाड्यांना नावं असणं काही नवलाचं नव्हतं. तळमजल्यावरच्या अमोलची जीप म्हणजे खंडेराव. तो. "आज खंडेराव रुसलाय, धक्का द्यावा लागतोय," असं अमोल बिनदिक्कत म्हणे. पल्लवीची स्कूटी चिमणी होती. एकदा गणपतीच्या मांडवात यावरून चांगली तासभर जुंपली होती. अमोल म्हणे, ओझं वाहणाऱ्या गाडीला 'तो' म्हणायचं, दारात सजून उभी राहणारीला 'ती'. त्यावर पल्लवीने विचारलं होतं, "मग भाजीच्या पिशव्या वाहणारी तुझी बायको कोण रे?" मांडव हसून लोटपोट झाला होता. पण दिवाकररावांच्या गाडीपाशी येऊन सगळ्यांची गंमत अडे. गाडीला कुणी एवढं जड नाव ठेवतं का? शेजारच्या अक्काबाई तर नावच घेत नसत. "काय मालिनी, सवत कुठे फिरायला गेली आज?" असं विचारत. मालिनीबाई हसत. पण ते हसू घशाच्या खाली उतरत नसे.

खरंच, सवतीसारखंच ते प्रकरण होतं. सोळा वर्षांपूर्वी गाडी आली त्या दिवशी दिवाकरराव कुणालाही न विचारता नाव घालूनच घेऊन आले. त्यानंतर त्या अबोल माणसाला जणू वाचा फुटली. "मृण्मयीला थंडी वाजतेय, पांघरूण घालून येतो." "मृण्मयीला फिरवून आणतो." दर रविवारी सकाळी तासभर ते तिला एकटेच घेऊन जात. मालिनीबाईंनी सोबत येऊ का म्हणून एकदाच विचारलं, तेव्हा ते चपापले होते. पुन्हा त्यांनी विचारलं नाही. नजर गेल्यावरही ते कठडा धरून रोज खाली उतरत, हाताने चाचपत गाडीभोवती एक फेरी घालत आणि मागच्या काचेशी थांबत. बोटं अक्षरांवरून फिरत. आज मात्र म्हणाले होते, "आता देतानाच उतरतो."

मालिनीबाईंनी ते नाव कधी तोंडातून काढलं नाही. त्यांना गाडीचा राग नव्हता, राग होता तो दुसऱ्याच गोष्टीचा.

लग्नानंतर सहा वर्षांनी त्यांना मुलगी झाली होती. सातव्या महिन्यात. तिला काचेच्या पेटीत ठेवलं, आणि मालिनीबाई तापाने फणफणलेल्या. चाकाच्या खुर्चीवरून त्यांना दोनदा नेलं, दोन्ही वेळा एक गुलाबी मूठ काय ती दिसली. नवव्या दिवशी सगळं संपलं. बारसं झालं नव्हतं, म्हणून मुलीला नावही नव्हतं. सासूबाई म्हणाल्या, नाव न ठेवलेल्या लेकराला मागून हाका मारू नयेत, जीव घुटमळत राहतो, पुढची वाट धरत नाही. ते ऐकून मालिनीबाईंनी देव्हाऱ्याच्या पाटावर हात ठेवून नेम घेतला, की या घरात तिचा विषय मी काढणार नाही आणि कुणाला काढू देणार नाही. दिवाकरराव दारात उभे होते. त्यांनी मान डोलावली, आणि त्यानंतर पाचव्या दिवशी जेवणाचा डबा घेऊन ते प्रेसमध्ये कामावर गेले. त्यांचा डोळा कधी भरून आलेला मालिनीबाईंनी पाहिला नाही. मूल पुन्हा झालंच नाही. सदतीस वर्षं नेम अखंड चालला होता, आणि त्या सदतीस वर्षांत एकच गोष्ट मालिनीबाईंना कुरतडत राहिली. पोटच्या पोरीसाठी ज्या माणसापाशी एक आसू नव्हतं, त्याच्यापाशी पत्र्याच्या गाडीसाठी एवढी माया आली कुठून?

अक्षरं चिवट होती. पण मालिनीबाईंच्या हाताला नेटकेपणा होता. तासाभरात काच लख्ख झाली. लाल चुरा त्यांनी ओंजळीत गोळा केला आणि कचऱ्याच्या डब्यात टाकला.

त्या हात पुसत होत्या तेव्हाच फाटकाशी रिक्षा थांबली आणि त्यांच्या नणंद, वत्सलाबाई, पंचवटीहून आल्या. भावाला दिसेनासं झाल्यापासून त्या दर सोमवारी येत. शहात्तरीच्या, पण काठी अजून घेतली नव्हती.

"कसली साफसफाई गं उन्हाची?"

"या वन्सं. गाडी जायची ना आज. नाव काढलं मागचं."

वत्सलाबाई गाडीच्या मागे आल्या. काचेकडे बघत राहिल्या. हातातली पिशवी त्यांनी हळूच खाली ठेवली.

"कुणी सांगितलं तुला काढायला?"

"कुणी कशाला सांगायला हवं? विकलेल्या गाडीवर आपलं काय काम?"

"दिवाकरला विचारलंस?"

"गाडीचं नाव ते, वन्सं. त्यात विचारायचं काय?"

वत्सलाबाई बाजूच्या ओट्यावर बसल्या. पदराने तोंड पुसलं. म्हणाल्या, "तुझा नेम आहे म्हणून आजवर गिळलं. आता मला गिळवत नाही, मालिनी. बस इथे."

मालिनीबाई उभ्याच राहिल्या.

"मुलीचं नाव आत्याने कानात सांगायचं असतं. पोर सहा दिवसांची झाली तेव्हा दिवाकर माझ्याकडे आला. दवाखान्याच्या जिन्यात. म्हणाला, ताई, बाराव्या दिवशी काय सांगायचं ते ठरवलंय मी. चिठ्ठीवर लिहून आणलं होतं. मी म्हटलं, अरे केवढं अवघड नाव, जीभ वळेल का माझी? तर मला दहा वेळा म्हणायला लावलं. मी घरी जाऊन पोळ्या लाटता लाटता म्हणत होते. पाठीत धपाटे खायची तयारी करून बसले होते बघ." त्या थांबल्या. "तीन दिवसांनी निरोप आला. ते नाव माझ्यापाशीच राहिलं."

मालिनीबाईंनी विचारलं नाही, कोणतं नाव. त्यांनी हात पुढे केला आणि काचेवर ठेवला. काच उन्हाने तापली होती आणि तेलाने गुळगुळीत झाली होती. नंतर त्या कचऱ्याच्या डब्याकडे गेल्या. तेवढ्या वेळात सफाईवाला डबा रिकामा करून गेला होता.

"मला का नाही सांगितलं कुणी?" त्यांचा आवाज चढला नाही. त्यांचा कधी चढत नसे.

"कसं सांगणार बाई? तू पाटावर हात ठेवलास. तो मला म्हणाला, तिचा एवढा एक आधार आहे, तो मोडायचा नाही."

दुपारचे चार वाजेपर्यंत मालिनीबाई देव्हाऱ्यासमोर बसून होत्या. जपमाळ हातात होती, मणी एकही सरकला नाही. शब्द फिरवावा का, हाही विचार येऊन गेला. पण देवापुढे नारळ ठेवून दिलेला शब्द होता. आणि फिरवून तरी काय, काच कोरीच राहायची होती. आता एकच उरलं होतं. दिवाकररावांची बोटं तिथे पोचायच्या आत त्यांना सांगायचं. त्या दोनदा उठून बाहेरच्या खोलीत गेल्या. दिवाकरराव इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसले होते, पोर सासरी निघाली की बाप बसतो तसे. दोन्ही वेळा मालिनीबाई पाणी देऊन परत आल्या.

मग खाली हॉर्न वाजला.

दिवाकररावांनी एक हात मालिनीबाईंच्या खांद्यावर ठेवला, दुसरा कठड्यावर. मधल्या वळणावर मालिनीबाई थांबल्या. "अहो," त्या म्हणाल्या, "मी एक चूक केलीये." पण तेवढ्यात सार्थक चार पायऱ्या चढून वर आला होता. "द्या काका, हात द्या. काळजी करू नका गाडीची. लय जपलीय तुम्ही, आम्ही बी जपू." तो बोलत बोलत त्यांना खाली घेऊन गेला.

दिवाकररावांनी नेहमीसारखी फेरी सुरू केली. दिवा, बॉनेट, आरसा, दार. मालिनीबाई मागोमाग चालत होत्या. ओट्यावर वत्सलाबाईंनी मान खाली घातली. बोटं मागच्या काचेवर आली, डावीकडून उजवीकडे गेली, पुन्हा डावीकडे आली. काहीतरी चुकलं असेल म्हणून त्यांनी जरा खाली चाचपलं. मग हात तसाच राहिला.

"काढलंस का?"

"हो. सकाळी. मला माहीत नव्हतं हो. वन्संनी नंतर सांगितलं."

दिवाकररावांनी काचेवरचा हात काढून मालिनीबाईंच्या खांद्यावर ठेवला. "बरं केलंस," ते म्हणाले. "कुणी कसंही घेतलं असतं ते नाव."

योगिनी पुढे आली. तिच्या हातात हळदकुंकवाची डबी आणि हार होता. "काकू, मागं नाव होतं ना हिला? मी तर सासूबाईंना सांगून आले, नावासकट गाडी येतीये म्हणून. काय होतं ते? आम्ही बी तेच ठेवू."

मालिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांना वाटलं होतं, सदतीस वर्षांचा नेम मोडताना छाती फुटेल, पण शब्द अगदी साधे निघाले.

"गाडीचं नव्हतं गं ते. आमच्या मुलीचं होतं. मृण्मयी."

खांद्यावरचा दिवाकररावांचा हात एकदम जड झाला.

"हो का? किती गोड नाव," योगिनी म्हणाली. "मग राहू दे. ताईंचं नाव आम्ही कशाला घ्यावं? आमचं आम्ही बघू दुसरं. कुठे असतात त्या?"

मालिनीबाईंना उत्तर माहीत नव्हतं. मुलीला कुठे ठेवलं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, विचारायची सोयच ठेवली नव्हती.

"दसकला," दिवाकरराव म्हणाले.

"जवळच की मग. येणंजाणं होत असेल." योगिनीने गाडीला हळदकुंकू लावलं, वाकून चाकाला पाणी घातलं. सार्थकने किल्ली घेतली, दोघांच्या पाया पडला. गाडी फाटकातून बाहेर पडली, वळणावर तिचा आवाज थोडा वेळ ऐकू येत राहिला, मग रस्त्याच्या आवाजात मिसळला.

"दसकला कुठे?" मालिनीबाईंनी विचारलं.

"नदीवर. उंबराखाली. तेव्हा नुसता मळा होता तिथे."

"रविवारी तिथेच जात होतात?"

"हं. खाली उतरायचो नाही. काच उतरवून बसायचो थोडा वेळ. आणि घरी येऊन तिला हाक मारता यायची, तुझा नेम न मोडता." ते थांबले. "एवढीच लबाडी केली मी."

मालिनीबाईंनी पदर तोंडाशी धरला. "उद्या मला न्याल? राजूची रिक्षा सांगते."

"नेलं असतं गं. पण जागा आता मला दाखवता यायची नाही. काठ सगळा बदललाय म्हणतात. उंबरही नाही राहिला. शेवटी शेवटी गेलो तेव्हा मला निम्मं अंदाजानेच दिसत होतं."

वत्सलाबाई ओट्यावरून उठून एव्हाना वर गेल्या होत्या. पार्किंगमध्ये गाडीच्या जागी तेलाचे दोन डाग होते आणि सकाळच्या पाण्याचा ओघळ वाळलेला होता. मालिनीबाईंनी नवऱ्याचा हात खांद्यावरून काढून आपल्या हातात घेतला.

"केस होते का हो तिला?"

"होते की. काळेभोर. टोपडं घातलं तरी बाहेर यायचे." ते बोलू लागले, थांबत थांबत, आणि जिना चढायचा तसाच राहिला.