आलापल्लीच्या पुढचा नाला

दर साली दिवाळी सरली की ब्रह्मपुरीच्या गुणवंतरावांच्या घरात सिरोंच्याला जायच्या गोष्टी निघायच्या. त्यांची भात गिरणी होती आणि लढाईनंतर लष्कराच्या लिलावात घेतलेली एक जीप होती. जेवताना ते ताटाशेजारी बोटाने वाट काढून दाखवायचे, "आत्ता नद्या उतरल्या नाई. पौषात गिरणीतून मान वर निघत नाई. चैत्र लागला का इंजिन उकळते, अन् मंग पाऊस. म्हणून माघ-फाल्गुनातच जमते, इंदू. यंदा पक्कं."

इंदुताई ऐकायच्या. सिरोंचा त्यांचं बालपणाचं गाव. वडील तिथल्या लाकडाच्या नाक्यावर कारकून होते. आई बाळंतपणात गेली आणि शेजारच्या पोलम्मा कोळणीने इंदूला वाढवलं. गोदावरीच्या वाळूत बसवून ती तेलुगूत बोलत तिची वेणी घालायची, मासळीचं कालवण भाताशी कालवून भरवायची. परकर नेसायच्या वयात वडिलांची बदली झाली. पुढे लग्न, सासर, गिरणी. वडील वारले, आणि सिरोंच्याला जायला कारणच उरलं नाही. पोलम्मा जातीची ना गोतातली. तिला भेटायला जाते असं सासरी कुणापुढे म्हणायची सोय नव्हती. सासूबाई गेल्यावर त्या पहिल्यांदा नवऱ्याजवळ पोलम्माबद्दल बोलल्या, आणि तेव्हापासून हे बेत सुरू झाले.

पण माघ-फाल्गुनात दर साली काहीतरी आडवं यायचं. कधी पुतण्याचं लग्न, कधी गिरणीचा पट्टा, कधी जीपच रुसलेली. मग गुणवंतरावांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. रस्त्यातली गाय त्यांना जवळ आल्यावर दिसू लागली.

"आता काई होत नाई," ते खाटेवर बसून म्हणाले.

"मले शिकवा," इंदुताई म्हणाल्या.

धान निघालेल्या रिकाम्या बांध्यांमधून जीप धडधडत फिरू लागली. इंदुताई नऊवारीचा पदर खोचून चाकावर आणि गुणवंतराव शेजारी ओरडत, "क्लच, क्लच दाब वं!" गाव बांधावर जमून हसलं. मग हसून हसून कंटाळलं.

फाल्गुनात दोघं निघाली. आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी मागे पडली. आलापल्लीनंतर सागाचं रान दाट झालं आणि रस्ता लाल मातीचा. वाटेतल्या कोरड्या नाल्यांतून इंदुताईंनी जीप नीट काढली. सिरोंचा जवळ येत होतं तसतसं त्या अबोल होत गेल्या. पोलम्मा असेल का? ओळखेल का?

दुपारून आभाळ भरून आलं. या दिवसांत न येणारा पाऊस डोंगरात कुठेतरी कोसळला असावा; पुढच्या नाल्याला गढूळ पाणी दोन्ही काठ धरून चाललं होतं. इंदुताईंनी जीप थांबवली. पलीकडे दोन बैलगाड्या अडकल्या होत्या. गाडीवानाशेजारी एक म्हातारी बाई डोक्यावर टोपली घेऊन उभी होती. ती तेलुगूत काहीतरी ओरडली.

इंदुताई उतरल्या, पाण्याच्या कडेला गेल्या आणि तोंडाशी हात धरून त्यांनी हाक दिली, "अम्मा! सिरोंचा?"

पलीकडून उत्तर आलं; बाई तिथलीच होती. मग इंदुताई बोलू लागल्या. आधी अडखळत, मग भरभर, हात हलवत, हसत. गुणवंतराव जीपमध्ये बसून ऐकत राहिले. एवढ्या वर्षांत बायकोचा असा मोकळा, चढा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

"पोलम्म बागुंदा?" इंदुताईंनी विचारलं. पोलम्मा बरी आहे का?

आहे, बाई म्हणाली. डोळे गेलेत, पण घाटावर येऊन बसते. तू कुणाची?

"इंदू! नाक्यावरची इंदू!" घसा फुटेस्तोवर त्या ओरडल्या. "तिला सांग, इंदू आली होती. मळ्ळी वस्तानु!"

पाणी वाढत होतं. डोंगराकडे पुन्हा गडगडलं. गुणवंतराव म्हणाले, "थांबू आपण. सकाळपर्यंत उतरंल."

इंदुताईंनी मागच्या वाटेकडे पाहिलं. "मागचा नाला भरला तर ना इकडचे ना तिकडचे, अवो. तुमची दवाई दोनच दिवसांची आणली हाय." त्या जीपमध्ये बसल्या. पलीकडची बाई अजून हात हलवत होती. त्यांनी गाडी वळवली.

जीप आल्या वाटेने आलापल्लीकडे निघाली. मग गुणवंतरावांनी हळूच विचारलं, "ते मळ्ळी का काय म्हणत होतीस?"

"पुन्हा येईन, असं."

"मग काऊन रडतेस?"

"रडत नाई. समोर धुकं दिसून राह्यलं."

समोर धुकं नव्हतं. सागवानातून लाल वाट सरळ गेली होती. गुणवंतरावांना ती नीट दिसत नव्हती. त्यांनी इंदुताईंच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "अजून बोल वं. काईही बोल. त्याच भाषेत."

इंदुताई गिअर बदलत, एकेक शब्द आठवत, बोलू लागल्या.