बुरुलचाचा डावा हात

"एजे, हात वर करा बघू," नर्स जिपारा म्हणाली. वयाने मोठ्या बाईला ती आदराने एजे, म्हणजे ताई, म्हणायची.

बुरुलचाने डावा हात डोक्यावर उचलला. एरवी हात वर गेला की फुगलेली शीर सपाट व्हायची. आज ती तशीच टम्म राहिली. डायलिसिससाठी मनगटाजवळ धमनी आणि शीर जोडल्यापासून त्या हातात सतत बारीक थरथर असायची. जिपाराच्या बोटांना आता नुसते ठोके लागत होते. तिने स्टेथोस्कोप लावून ऐकलं.

"शिट्टीसारखा आवाज येतोय. पुढे शीर अरुंद झालीय. घरी गेल्यावर पट्टी रक्ताने भिजत होती का?"

"नाही."

"भिजत होती," दाराशी उभा असलेला बुरुलचाचा नवरा असानाली म्हणाला. "बाहीचे डाग कोणी धुतले मग?"

"तू गप रे, म्हाताऱ्या."

"आजच बिश्केकला निघा," जिपारा म्हणाली. "आत फुगा घालून शीर रुंद करतील. बंद पडली तर हा हात गेला. उजव्यावरचा प्रयत्न फसलाच होता, एजे."

असानाली शेजाऱ्याची गाडी मागून आणायला निघाला. बुरुलचाने त्याला थांबवलं. "उद्या जाऊ. आज मला घरी जायचंय."

"घरी काय ठेवलंय?"

"काही नाही."

घरी खरंच काही नव्हतं. शाळेच्या स्वयंपाकघरातली नोकरी केव्हाच सुटली होती. मुलगी ओशला होती. बुरुलचाने चहा केला, दोन घोट घेतले आणि उन्हातल्या गादीवर आडवी झाली. डाव्या कुशीवर. आजारपणात ही कूस तिला बंद होती. हातावर भार द्यायचा नाही, असं सगळ्यांनी बजावलं होतं. तिला लगेच झोप लागली.

उठली तेव्हा हात शांत होता, ना थरथर, ना ठोके. तिने बोटं ठेवून पाहिलं. भीती वाटेल म्हणून थोडा वेळ थांबली. वाटली नाही.

बिश्केकच्या डॉक्टरांनी प्रयत्न केला, मग नकारार्थी मान हलवली आणि डायलिसिससाठी तिच्या मानेत नळी बसवली. परतीच्या वाटेवर डोलोनचा घाट उतरल्यावर असानालीने विचारलं.

"मुद्दाम केलंस?"

"माहीत नाही. एक दुपार मला कोणी हाताबद्दल विचारू नये, एवढंच वाटलं होतं."

त्याने खिडकीची काच वर केली. तिला गार लागत होतं.

नळी भिजवायची नव्हती, म्हणून अंघोळ बंद झाली. रविवारी असानालीने पाणी तापवलं, तिच्या मानेभोवती प्लास्टिक आणि टॉवेल गुंडाळला आणि तिचं डोकं मागे घमेल्यावर टेकवलं. जन्मभर त्याने घोडेच धुतले होते.

"हळू. घोडी समजलास काय मला?"

"घोडी इतकी बोलत नाही."

केस वाळल्यावर तो वेण्या घालायला बसला. एक जाड झाली, एक बारीक. बुरुलचाने आरशात पाहिलं, त्या तशाच राहू दिल्या आणि डोक्याला रुमाल बांधला.