राखणदाराला दिलेला शब्द

शपथेचं पाणी प्यायली तेव्हा यीमच्या मनात मतदान नव्हतंच. मनात लेक राच्ना होती.

प्रे स्वाय गावाच्या वेशीबाहेर, चिंचेच्या झाडाखाली नेआक ताची घुमटी आहे. नेआक ता हा गावाचा राखणदार. ताप उतरेना, बैल हरवला, सून रुसून माहेरी गेली, काही झालं की त्याच्यापुढे उदबत्ती लागायची. त्या दिवशी मुखिया नुओनने सगळ्या बायकांना तिथे बोलावलं होतं. तांब्याच्या वाटीत पाणी, त्यात बंदुकीची गोळी बुडवलेली. एकेकीने आपलं नाव घेऊन म्हणायचं, नुओनच्या पक्षालाच मत देईन, शब्द मोडला तर माझ्या लेकराबाळांना राखणदाराने बघून घ्यावं. मग एक घोट घ्यायचा. नुओन कुणाच्या अंगावर ओरडला नाही. त्यालाही जिल्ह्यावरून हुकूम आला होता.

पोल पोटच्या राजवटीत यीमने दोन मुलं आपल्या हातांनी मातीत ठेवली होती. नवऱ्याला नेलं तो परत आलाच नाही. उरली एक राच्ना, आणि तिचे आता दिवस भरत आले होते.

मत कुणाला द्यायचं हे यीमने केव्हाच ठरवलं होतं. नुओनच्या पक्षाला नाही, एवढं नक्की. पण ती उपोसथाचं बौद्ध व्रत पाळणारी बाई. व्रताच्या दिवशी दुपारनंतर घास घ्यायची नाही, आणि खोटं तर कुठल्याच दिवशी बोलायची नाही. तांदळाच्या शेवया विकतानासुद्धा काल रात्रीच्या असतील तर आधी सांगून टाकायची. शब्द पाळावा तर मन मरत होतं, आणि मोडावा तर राच्नाचं पोट डोळ्यांपुढे येत होतं. त्यापेक्षा मतदानाला जायचंच नाही, असं ती स्वतःशी म्हणू लागली.

याच दिवसांत गावात एफुआ आली होती. संयुक्त राष्ट्रांच्या पांढऱ्या गाडीतून फिरणारी, घाना देशाची, उंच आणि हसरी. निवडणूक नीट पार पडावी म्हणून दूरदूरच्या देशांतून अशी माणसं कंबोडियाभर आली होती. विहाराच्या अंगणात ती रिकामी मतपेटी उलटी करून दाखवायची, पुठ्ठ्याच्या आडोशामागे बसून चिठ्ठी कशी घडी करायची ते दाखवायची. शाळेचे सारुन गुरुजी तिचं बोलणं लोकांना समजावून सांगायचे. सकाळी मात्र दोघं यीमच्या टोपलीपाशी उकिडवी बसून शेवया खायची. माशाचा रस्सा एफुआला आवडायचा. तिने तिखट मागून घेतलं की बायका एकमेकींना कोपरखळ्या मारायच्या.

एका सकाळी टोपलीपाशी तिसरं कुणी नव्हतं. यीमने रस्सा वाढता वाढता गुरुजींना हळूच सांगितलं, हिला विचारा, त्या पेटीत टाकलेलं खरंच कुणाला कळत नाही का.

कुणालाच नाही, एफुआ म्हणाली. नुओनला नाही, सैनिकांना नाही, मलाही नाही.

"आणि नेआक ताला?" यीमने विचारलं.

गुरुजी अडखळले. "मिंग, हे कसं विचारू हिला? हसेल ती."

"हसू दे. मावशी म्हणता ना मला, मग मावशीचं एवढं काम करा."

गुरुजींनी विचारलं. वाटीतल्या पाण्याचं, गोळीचं, सगळं सांगितलं. एफुआ हसली नाही. तिने वाडगं खाली ठेवलं. मग जे बोलली ते गुरुजींनी जसंच्या तसं सांगितलं.

"ती म्हणते, पेटीचं मी छातीठोक सांगेन, देवाचं मला सांगता येणार नाही. पण आमच्याकडे नदीची शपथ घालतात. ती सोडवायची तर नदीपाशीच जावं लागतं, दुसऱ्या कुणाच्या हातात ते नसतं. तुमच्याकडे कसं आहे ते तुम्हालाच माहीत."

यीमने तिच्या वाडग्यात आणखी शेवया घातल्या.

मतदानाच्या दिवशी उजाडायच्या आत ती उठली. केळीच्या पानाचा द्रोण केला, त्यात भात, विडा आणि उदबत्त्या घेतल्या. राच्नाला सांगितलं, जाऊन येते. वाटभर ती शब्द जुळवत होती. लपूनछपून काही करायचं नाही, त्याच्या तोंडावर सांगायचं. वाटीतलं पाणी मी भीतीपोटी प्यायले, दिलेला शब्द आज परत घेते. शिक्षा करायची तर मला कर. राच्ना अवघडलेली म्हणून घरीच होती, तिने पाणी प्यायलेलं नाही, तिच्या पोटातल्याने तर नाहीच नाही.

चिंचेपाशी पोचली तर घुमटीपुढे धूर दाटला होता. जमिनीत उदबत्त्या रोवायला जागा नव्हती. केळीचे द्रोण एकावर एक रचलेले. शेजारची फॉन, विणकरीण चिया, कोपऱ्यावरची म्हातारी तुय, सगळ्या हात जोडून गुडघ्यांवर बसलेल्या.

फॉनने दचकून वर पाहिलं. "माझा गुडघा दुखतोय म्हणून आले," ती म्हणाली.

"गावातल्या सगळ्यांचेच गुडघे आज दुखायला लागले वाटतं," तुय डोळे न उघडता पुटपुटली. "जरा सरक, यीमला बसू दे."

यीम बसली. बाजूला कुणीतरी अंगावरचा पंचा डोक्यावरून पार नाकापर्यंत ओढून वाकलं होतं. उठताना पंचा घसरला. ती सेंगली होती, नुओनची बायको. तुयने डोळे उघडले. सेंगलीने कुणाकडेही पाहिलं नाही. आपल्या हातातली जळती उदबत्ती तिने यीमपुढे धरली, तिच्यावर यीमच्या उदबत्त्या पेटवू दिल्या, आणि मग पंचा सावरत विहाराच्या वाटेला लागली. मतदान तिथेच होतं.

यीमने मनात जुळवलेलं सगळं सांगितलं. द्रोण राखणदारापुढे ठेवला. भीती गेली असं काही झालं नाही. पण आता तिच्या मनात लपवायचं काही उरलं नव्हतं.

विहारापुढे रांग वेशीपर्यंत गेली होती. नुओन फाटकाशी उभा राहून प्रत्येकीला वाटीची आठवण करून देत होता. यीमने त्याला हात जोडले. आत एफुआने तिचं बोट शाईत बुडवलं, ओळखीचं हसली. मतदान चालू असताना तिने कुणाशी काही बोलायचं नव्हतं.

पुठ्ठ्यामागे यीम एकटीच होती. तिने चिठ्ठी उलगडली. आपल्या मनातल्या पक्षाच्या खुणेपुढे फुली केली. नीट, रेघ चौकोनाबाहेर न जाऊ देता.